स्टेम सेल, बिनप्रथिनाचे आरएनए आणि मावशीचा गुडघा

कंबरतलाव

मंडळी, धागा जरा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या रविवारी सोलापुरात साखर पेठेत मावशीकडे जेवायला होतो. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. ताट अर्ध्यावर असताना मावशीनं फ्रिजवरून एक गुळगुळीत पत्रक काढलं. "हे बघ रे, तुझ्याच विषयातलं आहे. गुडघ्याची झीज भरून निघते म्हणे." बाहेरगावचं कुठलं तरी क्लिनिक, एका गुडघ्याचे पावणेदोन लाख. नाव विचारू नका, सांगणार नाही. स्टेम सेल (जिच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात ती मूळ पेशी) हा शब्द पत्रकात असणार हे धरूनच चाललो होतो. पण तिसऱ्या ओळीत 'नॉन-कोडिंग आरएनए तंत्रज्ञानयुक्त' असं वाचलं आणि घास हातातच राहिला. ज्याच्यावरून शास्त्रज्ञांची अजून आपसात जुंपलेली आहे ते ह्यांनी सिरिंजमध्ये भरलंसुद्धा!

तिला तिथल्या तिथं नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय. चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. त्याआधी चार वर्षं पुण्यात एका प्रयोगशाळेत स्टेम सेल वाढवल्या. वाढवल्या म्हणजे काय, रोज त्यांचं पाणी बदललं. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, ह्या बायांना मात्र रोज ताजं लागायचं. पाडव्यालासुद्धा.

सूक्ष्मदर्शकाखाली माणसाच्या स्टेम सेलची वसाहत भाकरीसारखी दिसते. गोल, चपटी, कडा स्वच्छ. आतल्या पेशी एकमेकींना इतक्या खेटून असतात की दोघींमधली रेघ शोधावी लागते. एखाद्या सकाळी कडेच्या दोन-चार पेशी पसरट, लांबोडक्या झालेल्या दिसल्या की समजायचं, ह्यांनी घर सोडलं. आता त्या कातडी होतील, चेता होतील, काहीही होतील, आपल्या कामाच्या राहिल्या नाहीत. पिपेटच्या टोकानं खरवडून काढायच्या. खरवडताना मला दर वेळी वाटायचं, काल रात्रीपर्यंत शेजारणीसारखीच असलेली ही पेशी आज अशी का वागली? डीएनए तर दोघींचा अक्षरन् अक्षर तोच आहे.

तीनशे कोटींहून जास्त अक्षरांचा आपला डीएनए. त्यातला प्रथिनांची कृती सांगणारा भाग दोन टक्क्यांहूनही कमी, साधारण २० हजार जनुकं. बाकीच्यातल्याही बऱ्याच भागाची आरएनए-नक्कल निघत असते, पण तिच्यापासून प्रथिन बनत नाही. अशी नक्कल २०० अक्षरांहून लांब असली की तिला लांब नॉन-कोडिंग आरएनए म्हणायचा प्रघात पडला. २०२३ मध्ये ह्या विषयातल्या बऱ्याच मोठ्या मंडळींनी मिळून ही हद्द ५०० वर न्यावी असं सुचवलं. मी इथं नुसतं 'लांब आरएनए' म्हणतो.

ह्यातला एक जुना आणि खणखणीत गडी म्हणजे झिस्ट. बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं, पुरुषाच्या पेशीत एक. मग बाईच्या पेशीत त्या गुणसूत्रावरचा माल दुप्पट व्हायला हवा. होत नाही, कारण दोनातलं एक एक्स गप्प बसवलेलं असतं. मेरी लायन ह्या ब्रिटिश बाईंनी हे १९६१ मध्ये उंदरांच्या कातडीवरचे रंगांचे पट्टे बघून ओळखलं. गप्प कोण बसवतं त्याचा सुगावा लागायला १९९१ उजाडलं. गप्प बसणाऱ्या एक्सवरूनच एक लांबलचक आरएनए निघतो, सतरा हजारांच्या आसपास अक्षरांचा. तो केंद्रकाबाहेर जातच नाही. ज्या गुणसूत्रावरून निघाला त्यालाच गुंडाळून बसतो. चमकणारा रंग लावून बघितलं तर काळ्या केंद्रकात एका बाजूला ढगाचा पुंजका दिसतो. तो ढग जिथं बसला तिथली बहुतेक जनुकं बंद. काही निसटतात.

आता स्टेम सेलचा संबंध बघा. उंदराच्या मादीच्या भ्रूणातल्या स्टेम सेलमध्ये दोन्ही एक्स चालू असतात. पेशीनं घर सोडायचं ठरवलं की झिस्ट वर येतो आणि एका एक्सवर पांघरूण पडतं. तोवर त्याला दाबून ठेवणारा कोण? त्याच जागेवरून उलट दिशेनं निघणारा दुसरा लांब आरएनए. नावसुद्धा झिस्टची इंग्रजी अक्षरं उलटी लिहून ठेवलंय, त्सिक्स. शास्त्रज्ञांनाही विनोदबुद्धी असते म्हणायची.

आपल्या गावच्या भाषेत सांगायचं तर लांब आरएनए म्हणजे जॅकार्ड मागाचं कार्ड. कार्ड चादरीत विणलं जात नाही, पण त्याच्याशिवाय मोर उमटत नाही.

---

शेंगाचटणी

पहिला नंबर! मावशीच्या भाकरीपर्यंत सगळं समजलं. पुढचं उद्या परत वाचतो.

---

हुतात्मा_एक्स्प्रेस

छान लिहिलंय, पण एक बाळबोध शंका. प्रथिन बनत नाही म्हणजे तो कचराच ना? आमच्या वेळी बारावीला 'जंक डीएनए' शिकवलं होतं आणि त्यावर दोन मार्कांचा प्रश्नही आला होता. पेशी उगाच काहीबाही छापत बसली असेल. सरकारी कचेऱ्यांत कमी छापतात का?

---

अशोक_चौक

काय सांगायलास बे कंबरतलाव! लेख चांगला, पण मागाचं चुकलं.

आमच्या घरी तीन पिढ्या माग आहेत. आता पुष्कळांकडे इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलं, आमच्या शेडमध्ये दोन माग अजून पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालतात. कार्डाला भोक असलं की सुई आत जाते, हूक उचलला जातो, ताण्याचा धागा वर येतो. भोक नाही तर धागा खाली. म्हणजे नक्षी कार्डात लिहिलेली असते. मग कार्ड म्हणजे तुझा डीएनए झाला की! मागच्या वर्षी एका कार्डाला चीर गेली, भोक मोठं झालं, आणि जो मोर विणला त्याच्या मानेवर त्याच जागी एक पांढरा टिपका. लक्षात येईपर्यंत अख्खा लॉट गेला. आजा तेलुगूत काय बोलला ते इथं लिहिता येत नाही.

तुझा लांब आरएनए म्हणजे आमचा जॉबर. तो कापड विणत नाही आणि नक्षीपण काढत नाही. कुठल्या मागावर कुठली कार्डमाळ चढवायची, कुठला माग बंद ठेवायचा, हे तो बघतो. झिस्टनं एक माग बंद ठेवला, दुसरा चालू. बरोबर का?

---

कंबरतलाव

@अशोक_चौक, मान्य. कार्ड मागे घेतो, जॉबर कबूल. वर्गात ह्यापुढे हेच सांगणार.

@हुतात्मा_एक्स्प्रेस, शंका अजिबात बाळबोध नाही. नुसतं छापलं जातं म्हणून ते कामाचं, असं म्हणताच येत नाही. बंद पाडून बघावं लागतं. २०११ मध्ये अमेरिकेत एका गटानं उंदराच्या भ्रूणातल्या स्टेम सेल घेतल्या आणि त्यातले १४७ लांब आरएनए एकेक करून दाबून बघितले. १३७ जणांच्या बाबतीत इतर जनुकांच्या कामात ठळक फरक पडला. त्यातले २६ तर असे निघाले की त्यांना दाबलं तर पेशीचं स्टेम सेलपणच सुटायला लागलं. काहींना दाबल्यावर पेशी जणू एखाद्या ठरावीक वाटेला लागल्यासारखी जनुकं चालू व्हायची. म्हणजे ते आरएनए त्या वाटेवर दार लावून बसले होते.

आणखी एक मला फार आवडतो, लिंक-एमडी-१. २०११ मध्ये रोममधल्या गटानं दाखवलेला. स्नायू घडताना तो निघतो. स्नायूच्या पेशीत काही चिमुकले मायक्रो-आरएनए असतात, ते स्नायू पक्का करणाऱ्या जनुकांचे संदेश दाबून ठेवतात. लिंक-एमडी-१ स्वतःच्या अंगावर त्या चिमुकल्यांना चिकटवून घेतो. ते तिकडं अडकले की खरे संदेश सुटतात आणि स्नायू पुढं घडतो. ड्युशेन नावाचा मुलांचा स्नायूंचा आजार असतो, त्या रुग्णांच्या स्नायूपेशींत हा आरएनए कमी आढळला.

---

पेशीवाई

धागा उत्तम, पण उत्साहाला थोडा लगाम घालते. मी ह्याच क्षेत्रात काम करते, म्हणून.

जॉबरची उपमा सुरेख आहे. अडचण एवढीच की मागाजवळ उभा असलेला प्रत्येक माणूस जॉबर नसतो. स्टेम सेलचा स्नायू होताना शेकडो लांब आरएनए वर-खाली होतात. त्यातले किती जण काम करतात आणि किती नुसते हजर असतात, हे वेगळं काढणं हाच ह्या विषयातला खरा घाम.

मॅलॅट-१ घ्या. पेशीतल्या सर्वांत मुबलक लांब आरएनएंपैकी एक, माणसापासून उंदरापर्यंत टिकून राहिलेला. सगळ्यांना वाटायचं, हा काढला तर उंदीर जन्मालाच येणार नाही. २०१२ मध्ये तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी तो काढला. उंदीर जन्मले, वाढले, पोरंबाळं झाली. दिसण्यात काही बिघाड नाही.

हॉटेअरची कथा तर मोठी भांडणाची. २००७ मध्ये जाहीर झालं की हा आरएनए एका गुणसूत्रावरून निघून दुसऱ्या गुणसूत्रावरची जनुकं बंद करतो. दणक्यात गाजलं. मग उंदरातून काढून बघितलं. एका गटाला मणक्यात आणि मनगटात बिघाड दिसला, दुसऱ्या गटानं बघितलं तर फारसं काहीच नाही. वर्षानुवर्षं हाणामारी चालली. माझ्या गाईड म्हणायच्या, हॉटेअरवर सेमिनार ठेवायचा असेल तर खुर्च्या जमिनीला ठोकून ठेवा.

---

अशोक_चौक

मागाजवळ उभे असलेले अर्धे चहा प्यायला आलेले असतात, हे मी लिहून देतो.

पण ताई, एक सांगा. एकाच गोष्टीवर दोन प्रयोगशाळांना दोन उत्तरं कशी येतात?

---

पेशीवाई

@अशोक_चौक, कारण 'काढणं' दोन-तीन तऱ्हांनी होतं. एक म्हणजे आरएनए निघू द्यायचा आणि निघाल्यावर नष्ट करायचा. दुसरं, डीएनएमधला तो तुकडाच कापून टाकायचा. पण त्या तुकड्यात शेजारच्या जनुकाचं बटणही असू शकतं. मग बिघाड आरएनए गेल्यानं झाला की बटण गेल्यानं, कोण सांगणार? तिसरं, तुकडा राहू द्यायचा आणि सुरुवातीलाच 'इथं थांबा' अशी खूण घालायची, म्हणजे नक्कल पूर्ण होत नाही.

ह्या तिसऱ्या पद्धतीनं एक भारी गोष्ट कळली. एअर्न नावाचा प्रचंड लांब आरएनए आहे, लाखाहून जास्त अक्षरांचा. तो शेजारचं एक जनुक गप्प करतो हे माहीत होतं. २०१२ मध्ये व्हिएन्नाच्या गटानं स्टेम सेलमध्ये थांब्याची खूण वेगवेगळ्या ठिकाणी घालून बघितली. शेजारच्या जनुकाच्या सुरुवातीच्या अलीकडेच नक्कल थांबवली तर ते जनुक चालूच राहतं. नक्कल करणारं यंत्र त्या सुरुवातीवरून पलीकडं गेलं की जनुक गप्प. तयार झालेल्या आरएनएचा उपयोगच नव्हता! यंत्र तिथून जाणं, हेच काम होतं.

---

गड्डा_यात्री

पेशीवाई ताई, हे आम्हा सोलापूरकरांना लगेच कळतं. संक्रांतीला सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या मिरवणुकीनं निघाल्या की त्या रस्त्यावरच्या रिक्षा बंद. मिरवणुकीतल्या कुणी खाली उतरून रिक्षावाल्याला 'थांब' म्हणून सांगितलेलं नसतं. काठ्या तिथून चालल्यात एवढं पुरतं.

---

पेशीवाई

@गड्डा_यात्री, अगदी हेच! हे मी चोरणार आहे.

---

कोरडवाहू

वाचतोय. सगळं उंदरावरच का चाललंय? माणसात तेच आरएनए असतात का?

---

कंबरतलाव

@कोरडवाहू, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

प्रथिनांची जनुकं उंदीर-माणसात बरीचशी जुळतात. लांब आरएनएंचं तसं नाही, त्यांची अक्षरं उत्क्रांतीत फार भराभर बदलतात. २०१३ मध्ये ब्रेव्हहार्ट नावाचा लांब आरएनए सापडला. उंदराच्या स्टेम सेलपासून हृदयाच्या पेशी घडवताना तो नसेल तर गाडी पुढं जातच नाही. माणसात शोधला, तर त्याचा जोडीदारच मिळाला नाही. आपलं हृदय त्याच्याविना घडतंच आहे.

आणि माणसात सापडलेल्यांचीही गंमत असते. टिंकर नावाचा आरएनए २०१३ मध्ये गाजला, कातडीच्या वरच्या थराच्या पेशी पक्क्या होण्यासाठी लागणारा. पुढं काही वर्षांनी पुरावे आले की त्याच्यापासून एक छोटं प्रथिन बनतं. म्हणजे नॉन-कोडिंग ही पाटीच बदलायची वेळ.

माणसाच्या पेशींवरचं मोठं काम २०१७ चं. १६,४०१ लांब आरएनएंच्या जागा सात प्रकारच्या पेशींत बंद करून बघितल्या. एका प्रकारात पुन्हा स्टेम सेलसारख्या बनवलेल्या पेशी होत्या. पेशींच्या वाढीला फरक पाडणाऱ्या ४९९ निघाल्या. आणि त्यातल्या ८९ टक्के फक्त एकाच प्रकारच्या पेशीत फरक पाडत होत्या. मला ह्यात सगळ्यात मोलाचा आकडा हाच वाटतो. साखर कारखान्यातला जॉबर आणून मागावर उभा केला तर काय उपयोग?

---

शेंगाचटणी

साखर कारखान्यात जॉबर नसतो, चीफ केमिस्ट असतो. बाकी चालू द्या.

---

हुतात्मा_एक्स्प्रेस

'पुन्हा स्टेम सेलसारख्या बनवलेल्या' म्हणजे जपानी यामानाकांचं काम ना? त्यातही हे आरएनए येतात का?

---

पेशीवाई

हो, तेच. यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या कातडीच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना मागं नेलं, २०१२ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ गर्डन ह्यांच्यासोबत नोबेल. ह्या मागं नेलेल्या पेशी वरवर खऱ्या स्टेम सेलसारख्याच दिसतात, पण सगळ्याच तितक्या चांगल्या नसतात. २०१० मध्ये उंदरांत दिसलं की ज्या पेशींत मेग-३ ह्या लांब आरएनएचा टापू गप्प झालेला असतो, त्यांच्यापासून अख्खा उंदीर घडत नाही. टापू नीट चालू असेल तर घडतो. बाहेरून बघून दोन्ही वसाहती सारख्याच.

माणसातल्या मादी पेशींचा वेगळा ताप. प्रयोगशाळेत बरेच दिवस वाढवल्या की झिस्ट हळूहळू नाहीसा होतो आणि गप्प बसवलेल्या एक्सवरची जनुकं जागी व्हायला लागतात. आमच्याकडे ह्यापायी आठ महिन्यांचं काम फेकून द्यावं लागलं. पेशी दिसायला गोड होत्या, म्हणून कुणी तपासलंच नाही.

ह्याच झिस्टचा मला सर्वांत थक्क करणारा वापर २०१३ चा. डाऊन सिंड्रोममध्ये २१ नंबरच्या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात. मॅसॅच्युसेट्समधल्या गटानं रुग्णाच्या पेशी मागं नेल्या आणि तिनातल्या एका २१ व्या गुणसूत्रात झिस्टचं जनुक बसवलं. झिस्टनं त्या जादा गुणसूत्रावरही पांघरूण घातलं, ते गप्प झालं. बशीतल्या पेशींत, बरं का. रुग्णात नाही.

---

कोरडवाहू

माझ्या पुतणीला रक्ताचा कॅन्सर होता, बोन मॅरो बदलला, आज धडधाकट आहे. तेही स्टेम सेलच ना? मग मावशीच्या गुडघ्याला काय हरकत?

---

कंबरतलाव

पुतणीचं ऐकून बरं वाटलं. हो, तीही स्टेम सेलच, रक्ताची. पण ती उपचारपद्धत कित्येक दशकं घासूनपुसून सिद्ध झालेली आहे. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं ह्या बाबतीत सरळ आहेत. रक्ताच्या स्टेम सेलचं, ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण, एवढंच नेहमीचा उपचार म्हणून मान्य. बाकी सगळं संशोधन, ते नोंदवलेल्या चाचणीतच करायचं. गुडघ्याचं इंजेक्शन त्या मान्य यादीत नव्हतं.

रक्ताच्या स्टेम सेलमध्येही आपला झिस्ट आहेच. २०१३ मध्ये मादी उंदरांच्या रक्तपेशींच्या मुळातून झिस्ट काढला, तर त्या उंदरांना रक्ताचे जीवघेणे कॅन्सर झाले. म्हणजे एक्सवर एकदा पांघरूण घातलं की झिस्टचं काम संपत नाही. म्हणून मला भीती वाटते ती पत्रकातल्या त्या तिसऱ्या ओळीची. कुठला आरएनए, कुठल्या पेशीत, किती, काही लिहिलेलं नाही. मी क्लिनिकला फोन लावून विचारलं. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, ते ॲडव्हान्स पॅकेजमध्ये आहे."

---

शेंगाचटणी

ॲडव्हान्स पॅकेज 😂 पैसे ॲडव्हान्स.

---

अशोक_चौक

अवांतर: लायनबाईंनी उंदरांचे पट्टे बघून ओळखलं म्हणालास. हे आपल्याला कुठं बघायला मिळेल का?

---

कंबरतलाव

@अशोक_चौक, तुझ्याच शेडमध्ये. नारिंगी-काळी ठिगळं असलेली मांजर असेल तर बघ. नारिंगी रंगाचं जनुक एक्सवर असतं. एका एक्सवर नारिंगी, दुसऱ्यावर काळं. भ्रूणात प्रत्येक पेशीनं आपापलं एक एक्स गप्प केलं आणि पुढं तिच्या लेकीबाळींनी तेच पाळलं, म्हणून ठिगळं. पांढरा रंग येतो तो वेगळ्या जनुकामुळं. दोन एक्स लागतात म्हणून असा बोका जवळपास मिळतच नाही. मिळाला तर बहुतेक त्याच्याकडे एक एक्स जादा असतं.

जगातली पहिली क्लोन मांजर टेक्सासमध्ये २००१ च्या डिसेंबरात जन्मली. आई, म्हणजे जिची पेशी घेतली ती, तिरंगी. पिल्लात नारिंगीचा मागमूस नाही. ज्या पेशीपासून केली तिच्यात नारिंगीवालं एक्स आधीच गप्प होतं आणि ते तसंच राहिलं.

---

अशोक_चौक

कांड्यांच्या पोत्यामागं एक व्यालीय. आत्ता बॅटरी लावून बघून आलो. पिल्लं चार. दोन काळी, एक नारिंगी, एक तिरंगी. तिरंगी उचलून बघितली, मादीच आहे. आईनं हात ओरबाडला, फोटो उद्या टाकतो.

---

कंबरतलाव

मावशीला अख्खा धागा फोनवर वाचून दाखवला. नंदीध्वजाशी हसली, मागाशी कंटाळली. क्लिनिकची तारीख तिनं सध्या रद्द केलीय, फिजिओथेरपीला जाते म्हणाली. आणि तिरंगी पिल्लू कुणाला दिलं नसेल तर तिला हवंय.